झाशीतली वटपौर्णिमा

आमच्याकडे वटपौर्णिमा भर उन्हाळ्यात येते. पुण्याच्या नातेवाइकांना हे समजावताना माझी जीभ झिजली. त्यांच्याकडे तोवर आभाळ भरून येतं, बायका छत्र्या घेऊन वडाला जातात. झाशीत तेव्हा लपट वाहत असते, अंग भाजून काढणारा वारा. आमचे पूर्वज पूजापाठ सांगायला दक्षिणेतून इथे आले. येताना देव आणले, सण आणले, सोवळं आणलं. तिकडची हवा तेवढी आणता आली नाही.

इथल्या बायका वडाची पूजा अमावस्येलाच उरकतात. पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला, अख्ख्या गल्लीत माझी बायको एकटीच उरायची. शेजारणी म्हणत, "चाची, हमारे संग ही कर लो." ती हसून सांगे, "अमावस तुम्हारी, पूनम हमारी." एवढ्यावर विषय मिटे.

दतिया गेटजवळचा आमचा वड रस्ता रुंद करताना गेला आणि गल्लीची भट्टी झाली. पूर्वी आम्ही गच्चीवर झोपायचो, पहाटे चादर ओढून घ्यावी लागे. आता पहाटेसुद्धा फरशी कोमट असते. दिवसभर भाजलेल्या शरीराला रात्रीही विसावा नाही. जो तो चक्कर, उलट्या नाहीतर मूतखडा घेऊन बसलेला. सावली काय ती लष्कराच्या छावणीत उरली, आणि ती आम्ही दुरूनच बघायची.

त्या पौर्णिमेला सकाळी नळाला पाणीच आलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, धरणं आटली होती. घरात पिंप भरलेलं होतं, पण कालचं. आमच्या घरात पूजेची आंघोळ शिळ्या पाण्याने होत नाही, आणि पूजा झाल्याशिवाय उपासाला पाण्याचा थेंब चालत नाही. हे दोन नियम वेगवेगळे होते तोवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी ते एकत्र आले.

मी म्हटलं, "अगं, पाणी कालचं की आजचं, देवाला काय कळतंय?"

"देवाला नसेल कळत, मला कळतं. आणि हे कुणासाठी करतेय मी?"

"माझ्यासाठी ना? मग माझं ऐक, घोटभर पाणी पी."

"अहो, तुमचं ऐकत बसले तर तुमच्यासाठी करायचंच राहून जाईल!"

जन्मभर मी तिच्याशी वादात हरत आलो होतो, तेव्हाही हरलो.

नळ आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ती न्हाली, लग्नातला रेशमी शालू नेसली, पूजेचं ताट घेतलं. उरलेला वड गावाबाहेर, एका पडक्या देवळापाशी. रिक्षावाला तिच्याकडे बघून मला म्हणाला, "ऐसी लपट में अम्मा खों कां लै जा रए, बाऊजी?" कुठे नेतोय ते मी सांगितलं आणि तिला आत बसवलं.

तिने दोरा गुंडाळत फेरे घेतले. शेवटच्या फेऱ्याला ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. ते मराठी नव्हतं, हिंदीही नव्हतं. मी हात धरला तर चटका बसला. कातडी कोरडी ठाक, घामाचा टिपूस नाही. व्रत पूर्ण झालं होतं, आता पाणी चालत होतं. मी तांब्या तिच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून शालूवर ओघळलं, आत गेलं नाही.

दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या. जमिनीवर माणसं निजवली होती, काखेत बर्फाच्या पिशव्या. बहुतेक उन्हात राबणारे मजूर, एक ओली बाळंतीण, आणि त्यांच्यात शालू नेसलेली माझी बायको. दिवेलागणीला ती गेली.

"हार्ट फेल हो गया," डॉक्टर म्हणाला.

उष्माघाताचं नावच नाही. मी ओरडलो, "लू लगी है! लू कहिए!"

"बाऊजी, मरते समय हार्ट सबका फेल होता है." त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. त्याच्यावर तरी काय रागवायचं? मला संताप आला होता आणि तो काढायला समोर माणूसच नव्हता. वड कुणी तोडला ते कुणी सांगत नाही. ऊन कुणी वाढवलं ते तर विचारायची सोयच नाही. आता दर उन्हाळा आधीच्याहून वाईट येतो आणि मी तो बघायला शिल्लक असतो. यातून काही बरं होईल असं मला वाटत नाही.

परवा सून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती इथलीच, मराठी समजते पण बोलत नाही. म्हणाली, "बाऊजी, इस बार पूनम का व्रत मैं रखूँगी. अम्मा वाला, बिना पानी का."

मी घाईने म्हटलं, "नको, बेटा. मत रखो. उस व्रत से क्या मिला उसको?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कूलरसमोर बसलेला, ऐंशी उलटलेली, साधा खोकलासुद्धा नाही.

"मिला तो," ती हळूच म्हणाली. "आप तो अच्छे-भले बैठे हैं."