ताराच्या खोलीतली भिंत

किस्से दोरीवरच्या कपड्यांसारखे असतात बघा. एक ओढायला जावं, तर चार खाली येतात! आमच्या कांदिवलीच्या चाळीचा विषय निघाला की माझं असंच होतं. आणि त्यातले निम्मे किस्से एकट्या ताराचे.

तारा दळवी म्हणजे माझी शेजारीण. ऐंशीनंतरची वर्षं ती. खोली एक, मोरी एक, आणि माणसं पाच: तारा, तिचा नवरा, दोन मुलं आणि सासरे तात्या. चाळीत बाकी सगळ्यांच्या घरी एका भिंतीला लोखंडी कपाट होतं. ताराच्या घरी त्या भिंतीला तात्यांची खाट होती. एवढाच काय तो फरक. पण त्यापायी या बाईनं काय काय करून ठेवलं, विचारू नका!

*

मुलं मोठी झाली तसा पाळणा निघाला, पण साखळ्या आढ्याला तशाच लोंबत राहिल्या. मी म्हटलं, "अगं, काढ ना त्या. डोक्याला लागतात माझ्या."

दुसऱ्या दिवशी बघते तर साखळीच्या एकेका कडीत एकेक हँगर! वरून खाली, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. घरातले सगळे शर्ट एका टॉवेलाच्या जागेत!

"आधी पोरं टांगली, आता पोरांचे कपडे," असं म्हणून बाई भाकऱ्या थापायला बसली. मी आपली आ वासून उभी.

*

मग सायकलची रिंग आली. ताराचा नवरा अंधेरीला कारखान्यात होता, त्यानं ती कुठल्याशा भंगारातून उचलून आणली. तारानं ती छताला आडवी टांगली आणि भोवती हँगर लावले. जागेवर उभं राहून रिंग फिरवायची. युनिफॉर्म आला, थांबवायची. साडी आली, थांबवायची. झकास!

आमचे मिस्टर म्हणाले, "सर्कस आहे नुसती." आणि महिन्याभरात स्वतःच एक रिंग घेऊन आले. आमची फिरायची नाही ती गोष्ट वेगळी.

*

ओल्या कपड्यांसाठी तिनं छताला पुली लावली होती. दोरी ओढली की कपड्यांचा बांबू वर, सोडली की खाली. दोरी खिडकीच्या गजाला बांधलेली, आणि तिला ताराशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम.

आमच्या मिस्टरांना नियम कुठले! "बघू तरी कशी चालते," म्हणत त्यांनी गाठ सोडली. चादरी, परकर, सगळं धुणं धाडकन खाली! खाली तात्या पेज जेवत बसलेले. मग चादरीखालून आवाज आला, "तारा, पावस इलो काय गो?"

*

तात्या सगळा जन्म गिरणीत घालवून रिटायर झालेले, बोलणं मात्र अस्सल मालवणी. त्यांना एकच गोष्ट खायची. सुनेनं सगळं घर छताला टांगलंय ते आपल्या खाटेपायी, हे त्यांना कळत होतं. दर दोन दिवसांनी म्हणायचे, "मी गावाक जातंय. तुमी कपाट घेवा."

गावी आता होतं कोण? बंद घर आणि वाळवी! त्यात तात्यांना दमा.

चाळीतल्या बायकाही कमी नव्हत्या. "म्हाताऱ्याला गॅलरीत झोपव ना गं. सगळ्यांचे म्हातारे गॅलरीतच झोपतात." खोटं कशाला बोलू, आमचे सासरेही गॅलरीतच असायचे.

तारा म्हणाली, "कपडे टांगता येतात गं. माणूस नाही टांगता येत."



*

आणि मग ती दिवाळी. ताराचा भाऊ मस्कतला नोकरीला होता. भाऊबिजेला आला तो टेम्पो घेऊनच! टेम्पोत कोरंकरकरीत लोखंडी कपाट, आरशासकट! कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. "ताई, तुझी ओवाळणी!"

वाट लागली! भाऊबिजेची ओवाळणी परत कशी करणार? आणि ठेवणार कुठे? जागा एकच, तात्यांची.

हमालांनी कपाट गॅलरीत आणून टेकवलं. सगळी चाळ जमली. तात्यांनी खाटेखालची ट्रंक ओढली आणि त्यात धोतरं भरायला लागले. भाऊ बिचारा पांढराफटक.

तारा कपाटासमोर उभी राहिली. वितीनं त्याची उंची मोजली, रुंदी मोजली. मग आत गेली, खाट वितीनं मोजली आणि नवऱ्याला म्हणाली, "खाट बाहेर काढा."

म्हटलं, झालं! शेवटी हिनंही म्हाताऱ्याला बाहेर काढलं. तात्यांनी डोक्यावर टोपी घातली.

"आता कपाट आत घ्या," तारा हमालांना म्हणाली. "भिंतीला लावा. आणि आडवं करा."

"आडवा? अलमारी कभी लेटती है क्या, ताई?"

"हमारे घर में आयेगी तो लेटेगी!"

कपाट पाठीवर निजवलं. दारं आणि आरसा छताकडे! त्यावर खाटेच्या फळ्या टाकल्या, फळ्यांवर गादी, गादीवर धुतलेली चादर, उशी. लांबी-रुंदी खाटेएवढीच! मी तर तिथल्या तिथे हात जोडले तिला. देवाशप्पथ!

"तात्या, टोपी काढा," तारा म्हणाली. "आणि बसून बघा, टोचत नाही ना."

तात्या बसले. बराच वेळ गादीवरून नुसता हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून ताराच्या थोरल्या मुलाचा, बबनचा, आवाज आला. मित्रांबरोबर बाहेर जायला उशीर झालेला. "तात्या, उठा ना! माझी पँट आहे खाली!"

तात्या जागेच असणार. कारण उत्तर आलं ते पार कोपऱ्यावरच्या नळापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात:

"आवशीचो घो! आता माका उठवल्याशिवाय ह्या घरात कोणाक चड्डीसुदा गावाची नाय!"