रॉकेटचं फिनिशिंग

जर्मनीतल्या एका लहानशा संग्रहालयात युद्धकाळातलं एक रॉकेट ठेवलं आहे. लेकीबरोबर फिरताना ते दिसलं आणि मी थबकलो. पुण्यातल्या कारखान्यात मी तोफगोळ्यांची कवचं बनवतो. नजर आपोआप धातूवर गेली.

"मुक्ता, फिनिशिंग बघ! त्या काळातल्या यंत्रांवर!"

"बाबा, हे पडलं कुणावर?"

मला हे सुचलंच नव्हतं.

शेजारी ते रॉकेट आखणाऱ्या इंजिनियरचे दोन फोटो होते. एकात तो युद्धातलं पदक स्वीकारत होता. दुसऱ्यात, युद्ध हरल्यावर, जिंकणाऱ्यांच्याच देशात नव्या रॉकेटशेजारी उभा होता. मी त्या चेहऱ्यावर खचल्याची एखादी तरी खूण शोधत राहिलो. दोन्हीकडे तेच हसू होतं, काम नीट जमल्याचं.

ते हसू मी ओळखतो. आमच्याकडे यंत्रावर चढणाऱ्या प्रत्येक वस्तूला 'जॉब'च म्हणतात, मग तो पंपाचा शाफ्ट असो की गोळ्याचं कवच. जॉब अचूक मापात उतरला की मीही अगदी असाच हसतो.

"तू बनवतोस ते कुठे जातं रे?" मुक्तानं विचारलं.

"डिस्पॅचला."

"आणि तिथून?"

मला खरंच माहीत नव्हतं. डिस्पॅचचं दार माझ्या टेबलावरून दिसतं. इतक्या वर्षांत तिथे जाऊन हे विचारावं, असं मला एकदाही वाटलं नाही.