खेळ सोडल्याबद्दल भावपूर्ण श्रद्धांजली

तुमची बाजू हरत चालली आहे, हे तुमच्यातल्याच एकाने पुराव्यासकट दाखवलं, तर तुम्ही त्याचं काय करता?

आम्ही त्याला मारला. विट्यात, भर दुपारी, फ्लेक्सच्या दुकानातल्या संगणकावर. हत्यार माझं होतं, म्हणून मीच लिहितो.

आमचा चौघांचा संघ होता. खेळ मोबाइलवरचा, गोळीबाराचा. शंभर जण पॅराशूटने एका बेटावर उतरतात, एकमेकांना टिपतात, शेवटी उरेल तो संघ जिंकतो. यंत्रमाग विकून रिकाम्या झालेल्या एका शेडमध्ये आम्ही रोज दुपारी बसायचो. एकदा मिरजेच्या एका हॉलमध्ये स्पर्धा झाली, तेव्हा उभं राहायला जागा नव्हती आणि आम्ही तिसरे आलो होतो. त्या तिसऱ्या नंबरावर आम्ही पुढे फार दिवस काढले.

मग दुसरा खेळ आला. साध्या फोनवर चालणारा, डाव पटकन संपणारा. कॉलेजची पोरं तिकडे गेली, मग स्पर्धा भरवणारे गेले. आम्ही त्या खेळाला 'बालवाडी' म्हणायचो.

माझ्या घरात डोकी मोजायची पद्धत नव्हती. वडील पत्रकं काढायचे आणि स्वतःच वाटायचे. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायला लागले. साखर कारखान्याच्या फाटकासमोर पाच माणसांच्या सभेत ते पाचशे असल्यासारखे बोलायचे. गर्दी बघून बाजू बदलतो तो विकला गेलेला असतो, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. पण वडिलांची सभा मजुरीसाठी असायची. मी तीच निष्ठा एका कंपनीच्या गेमला वाहिली, आणि त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

आमच्यातला सगळ्यात चांगला नेमबाज विट्याचाच होता. त्याच्या वडिलांचं दक्षिणेतल्या एका शहरात गलाईचं दुकान. गलाई म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करायचं काम. बारावीनंतर तो तिथे एक वर्ष राहून आला होता. तिथला खोकला घेऊन आला तो त्याला अजून होता. वडिलांनी त्याला एकच मुदत दिली होती: दिवाळीपर्यंत खेळातून काही करून दाखव, नाहीतर दुकानात ये. ही गोष्ट आम्हा तिघांनाही पक्की माहीत होती.

एका दुपारी आम्ही लागोपाठ चौथा डाव जिंकला. उंब्रजचा आमचा गडी, ज्याचं तोंड बंदुकीपेक्षा जास्त चालायचं, शेडमध्ये नाचायला लागला.

"कोण म्हणतं गेम मेला? चार डाव, गड्या! चार!"

नेमबाज म्हणाला, "पाचवा लावा. आन् मी काय करतो ते बघा."

पाचव्या डावात तो उघड्या माळावर जाऊन उभा राहिला. झाड नाही, भिंत नाही. बंदूक पाठीला लावली आणि त्याचं पात्र नाचवत ठेवलं. समोरून दोघे आले, गोळ्या झाडल्या, सगळ्या डावी-उजवीकडून गेल्या. तिसरा आला, भिंतीला तोंड लावून उभा राहिला. आमचा पठ्ठ्या नाचतच होता.

"माणूस असता तर एव्हाना मी मेलो असतो का न्हाई? आरं, शंभर माणसं भरनात म्हणून कंपनी संगणकाच्या बाहुल्या सोडती. निम्म्याच्या वर बाहुल्या हायती. आपण बाहुल्या मारून नंबर काढतोय."

मग उंब्रजकर म्हणाला, "तुला कोण मारणार रं? तुझा खोकलाच ऐकून पळत्यात."

आम्ही खूप हसलो. तोही थोडा हसला. मग त्याने सांगितलं की सांगलीत एक संघ नव्या खेळासाठी मुलं निवडतोय, रविवारी चाचणी आहे, आणि तो महिनाभर घरी तोच खेळ खेळतोय.

"महिनाभर?" मी विचारलं. "म्हणजे हितं बसून तू आमच्यावर हसत होतास."

"हसत न्हवतो. तुमाला संगं न्यायचं म्हणून सांगतोय. चला की चौघं."

हे वाक्य मला स्पष्ट आठवतं. त्या दिवशी मात्र मी ते ऐकूनही ऐकलं नाही. मी म्हणालो, "बालवाडीत नाव घाल जा. डबा विसरू नकोस."

मी फ्लेक्सच्या दुकानात कामाला होतो, आणि शुक्रवारी दुपारी मालक नव्हते. आमच्या धंद्यात वाढदिवसाचा आणि श्रद्धांजलीचा साचा तयारच असतो. एकात फोटोमागे वाघ असतो, दुसऱ्यात समई. मिरजेच्या स्पर्धेतला त्याचा फोटो माझ्याकडे होता. रंग काढला, हार चढवला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली त्याचं पूर्ण नाव. आणि अगदी तळाला, जिथे 'शोकाकुल' लिहितात तिथे, मी माझी ओळ बसवली: 'खेळ सोडून बालवाडीत प्रवेश केल्याबद्दल. शोकाकुल: एकनिष्ठ त्रिकूट.' ती ओळ मला फार जमल्यासारखी वाटली. वडील म्हणायचे, पत्रकात कृत्यावर लिहावं, माणसाच्या तोंडावर लिहू नये. मी तोंडच छापलं.

चित्र ग्रुपवर टाकलं. उंब्रजकराने हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग लावली आणि ते स्वतःच्या स्टेटसला ठेवलं.

आता आमच्या भागात श्रद्धांजली कोणी वाचत नाही. चेहरा ओळखतात आणि फोन लावतात. तळाच्या ओळीपर्यंत डोळा जातच नाही. तिथे कुठल्यातरी मंडळाचं नाव असणार हे धरलेलंच असतं. रोज डझनभर असे फलक करणाऱ्या मला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. विट्याची माणसं देशभर सोनं गाळत बसली आहेत आणि गावातल्या मरणाची बातमी त्यांच्यात तारेसारखी जाते. तासाभरात त्या दक्षिणेतल्या शहरात गाववाल्यांनी आपापली शटर खाली ओढली.

आणि त्याच्या वडिलांना कोणी काही सांगितलं नाही. आपल्याकडे सांगत नाहीत. "पोराला जरा बरं न्हाई, गावाकडं जाऊन येऊ," म्हणून गाडीत बसवतात, आणि चुकून काही दिसू नये म्हणून आधी त्याचा फोन काढून घेतात.

नेमबाज माझ्या दुकानात आला तेव्हा धापा टाकत होता. "आण्णांचा फोन बंद हाय. दुकानात कोण उचलत न्हाई. आई रडाय लागलीय, मी समोर उभा हाय तरी रडतीय. काढ ते. सगळ्यास्नी सांग."

मी माझी तळाची ओळ मोठी करून दाखवली. "लिहिलंय की स्पष्ट. वाचायचं कष्ट लोकांनी घ्यायला नकोत? मी शब्दाला जबाबदार आहे, लोकांच्या आळसाला नाही."

असं मी बोललो. त्याच्या तोंडावर, तो खोकत असताना. चित्र मी ग्रुपवरून काढून टाकलं, पण संध्याकाळी, तेही मालक आल्यावर.

गाडीतल्या गाववाल्यांना निम्म्या वाटेत खरी बातमी कळली. तोवर त्या बापाने सगळं ओळखलं होतं. फोन का काढून घेतला हे न कळायला तोही विट्याचाच. पोरगं जिवंत आहे म्हणून सांगितलं तेव्हा, धीर द्यायला खोटं बोलताय, असं म्हणून तो ऐकेना. फोनवर पोराचा आवाज ऐकवला. त्यावर त्याने एवढंच सांगितलं, गाडी माघारी वळवू नका.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो. माफी मागायला गेलो नव्हतो. गेलो नाही तर भित्रा ठरेन म्हणून गेलो. गल्लीतल्या बायका अजून बसलेल्या होत्या, उठावं की बसावं हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. त्याचे वडील बाजेवर बसून मोबाइलवर ते चित्र बघत होते.

"तूच काढलंस व्हय रं?"

"होय काका."

"हार चांगला बसलाय."

मग पोराकडे वळून म्हणाले, "हीच व्हय तुझी खेळातली माणसं? उद्या सकाळी गाडी सुटती. कापडं भर."

"आण्णा, उद्या सांगलीला चाचणी हाय. एकच दिवस. मग म्हणाल तिकडं येतो."

"दिवाळीपतुर म्हणलो हुतो मी. त्ये जित्त्या पोराला. मला काल पोरगं न्हवतं."

माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. आई आत जाऊन त्याची पिशवी घेऊन आली.

रविवारी चाचणी झाली, त्याच्याशिवाय. दोन महिन्यांनी आमच्या गेमचा डाव लागेपर्यंत वाट बघण्यात इतका वेळ जायला लागला की उंब्रजकर नव्या खेळात गेला. चौथा गेला. मग मी गेलो. माझा हात तिथे बरा बसला आहे. आमच्यासाठी कोणी समई लावली नाही.

तो आता त्या शहरात भट्टीजवळ असतो. मी केलेले फोन त्याने उचलले नाहीत. त्या चित्राचं मात्र कोणीतरी स्टिकर केलंय, तळाची ओळ कापून. सांगली-साताऱ्याच्या गेमिंग ग्रुपांवर कोणी संघ सोडला की ते टाकतात. चेहरा कुणाचा हे टाकणाऱ्यांना माहीत नसतं. गेल्या महिन्यात ते फिरत फिरत त्याच्या मावशीच्या फोनवर गेलं आणि तिने पुन्हा घरी फोन लावला. उचलला त्याच्या आईने.

म्हणून हे पत्रक. तुमच्याकडे ते स्टिकर आलं असेल, कुरळ्या केसांचा, हसताना एक डोळा बारीक झालेला मुलगा, मागे समई, तर ते पुसा. पुसायच्या आधी ज्याने पाठवलं त्याला तीन शब्द लिहा: मुलगा जिवंत आहे. आणि हे आजच करा.