कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर आलेली नोटीस

दुबईत आमच्या घरी टपाल कधीच येत नसे. नवऱ्याच्या कंपनीचं नाव आणि तिचा पोस्ट बॉक्स नंबर, हाच आमच्या सगळ्या बिऱ्हाडाचा पत्ता. माझ्या आईचं पत्रसुद्धा आधी रास अल खोरच्या ऑफिसात जायचं आणि संध्याकाळी नवऱ्याच्या बॅगेतून अल मनखूलला घरी यायचं. लेकीला तर दुसरा पत्ता ठाऊकच नव्हता.

तेव्हा ती दहावीत होती. वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरायच्या, तो जगभर गाजलेला खेळ तिने स्वतः कॉम्प्युटरवर नव्याने लिहून काढला आणि एका फुकटच्या वेबसाइटवर ठेवला. कुठकुठली मुलं तो खेळून तिला लिहायची. ब्राझीलच्या कुणीतरी एक चूक शोधून दिली होती. ती हे कौतुकाने सांगायची आणि आम्ही म्हणायचो, आधी मॅथ्सचं बघ. खेळ सुरू झाला की पडद्यावर तिचं नाव यायचं आणि खाली, शहाणीने घातलेला, कंपनीसकट पूर्ण पत्ता.

म्हणून मूळ खेळाच्या मालकांच्या वकिलांची नोटीस आली ती थेट कंपनीच्या नावाने. त्यांच्या मते आमची कंपनी चोरून खेळ बनवत होती. आमचे शेठ पाइप आणि नळाच्या तोट्या विकत. त्यांनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं.

"कल तक ये सब खलास होना चाहिए," एवढंच ते म्हणाले. आवाज चढवायची त्यांना गरजच नव्हती. नवऱ्याचा पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत होता आणि व्हिसा रिन्यू करायचे कागद त्यांच्या सहीसाठी टेबलावर पडले होते. त्यांनी सही केली नाही तर आम्हा तिघांनाही देश सोडावा लागणार, लेकीची शाळा अर्ध्यावर टाकून.

घरी आल्यावर नवऱ्याने तिला समोर बसवलं. "बेटा, तो गेम काढून टाक."

"बट बाबा, आय डिडन्ट कॉपी एनीथिंग. एव्हरी लाइन इज माइन."

"मग ते चोरी का म्हणतायत?" मी विचारलं.

तिने समजावून सांगितलं. प्रोग्रॅम तिचा, चित्रं तिची, आवाज तिचे. सारखी होती ती खेळाची कल्पना, आणि कल्पनेवर कुणाची मालकी असते की नाही यावर मोठमोठे वकील अजून भांडत होते. नाव जरा मिळतंजुळतं आहे, ते बदलते, म्हणाली. मला पटलं आणि संताप आला. पण तो काढणार कुणावर? वकिलांना मी कधी पाहिलं नव्हतं आणि शेठच्या घरी मी दर दिवाळीला चकल्या पाठवत होते.

"वकिलांना कळवू या ना," मी म्हटलं, "की हे कंपनीचं नाही, एका शाळकरी मुलीचं आहे."

"आणि उत्तर कुठे मागवायचं?" नवरा म्हणाला. "शेठच्याच पोस्ट बॉक्सवर?"

"बाबा, ॲम आय राँग?" लेकीने विचारलं.

तो म्हणाला, "मला नाही कळत गं. कळलं असतं तरी काही उपयोग नव्हता."

तिने आमच्यासमोर वेबसाइट पुसली. मग घरच्या कॉम्प्युटरवरूनही सगळं काढायला लागली. हे कुणी सांगितलं नव्हतं. घरात राहू दे की, नवरा म्हणाला. "खलास म्हणजे खलास," ती म्हणाली आणि पुसत राहिली.

शेठनी सही केली. काही दिवसांनी नवरा आमचे पासपोर्ट घेऊन आला, तिघांवरही तीन वर्षांचा नवा व्हिसा. मी देवापुढे साखर ठेवली. लेकीने आपला पासपोर्ट उघडून त्यावरची तारीख पाहिली.

"सो फॉर थ्री इयर्स आय शुडन्ट मेक एनीथिंग, राइट?"

टोमणा असता तर मी रागावले असते. पण ती खरंच विचारत होती, आणि आम्हा दोघांनाही 'तसं नाही' म्हणता आलं नाही.