टॉवेलची घडी

मी कॅनडाला निघालो त्या दुपारी बाबा कोल्हापूर स्टँडवर पोचले तेव्हा गाडी सुटायला आली होती. ते थेट दफनभूमीतून, एकाला माती देऊन आले होते. चपलांना ओली माती, खांद्यावर टॉवेलची जाड घडी तशीच. आज तरी दुसऱ्या कुणाला पाठवायचं, असं आई पुटपुटली. बाबांनी खिडकीतून माझा हात धरला आणि एवढंच म्हणाले, "त्याला कोण न्हवतं रे. तुला सोडायला एवढी माणसं हायत."

मला राग आला. तो मी पुढे वर्षानुवर्षं जपला, कारण राग असला की दुसरं काही जाणवत नाही.

आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या वस्तीच्या, बंधुमंडळाचं काम हेच. पणजोबांच्या काळात पटकीची साथ आली, प्रेताला हात लावायला कुणी पुढे येईना, तेव्हा चार कॅथलिक गड्यांनी ते सुरू केलं. खड्डा खणायचा, पेटी खांद्यावरून न्यायची, ज्याला कुणी नाही त्याच्यामागे चालायचं. बाबा बुटके आणि त्यांचे जोडीदार पास्कलकाका ताडमाड. पेटी कलू नये म्हणून बाबा खांद्यावर ती घडी ठेवत. काका इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करून सकाळी खांद्याला हजर. नियम एकच: बंधूच्या पेटीला खांदा द्यायचा तर आधी परक्याला दिलेला हवा. पोटच्या पोरालाही सूट नाही.

स्मरणिका काढणाऱ्या तुम्हाला, म्हणजे माझ्यासारख्याच बाहेर गेलेल्यांना, हा नियम माहीत होता. तरी आपण ग्रुपवर 'हेरिटेज, हेरिटेज' करत गळे काढले, वर्गणीतून शववाहिका पाठवली आणि तिच्या दोन्ही अंगांना स्वतःची नावं रंगवून घेतली. मेलेल्यांच्या गाडीवर जिवंतांची नावं. कल्पना माझी होती. बंधूंनी ती व्हॅन दफनभूमीच्या भिंतीला लावली आणि तिच्यात कुदळी-फावडी ठेवली. पुराच्या वेळी तिच्यातून भाताची पातेली गेली, तेवढाच तिचा उपयोग. मी फोनवर चिडलो. बाबा म्हणाले, "गाडी चांगली हाय. खरं तिला खांदा न्हाय."

गेल्या वर्षी बाबा गेले. मी पोचेपर्यंत त्यांना थांबवून ठेवलं होतं. चर्चबाहेर मी पेटीच्या डाव्या पुढच्या बाजूला, बाबांच्या जागी, जाऊन उभा राहिलो. पास्कलकाकांनी माझा हात पेटीवरून उचलून बाजूला केला, ताटावरची माशी हाकलावी तसा.

"पावणं, मागनं चाला."

पावणं. ज्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांच्या तोंडून. मी मुलगा आहे त्यांचा, असं म्हणालो.

"व्हय की. गाडीवर नाव बी हाय तुमचं. दमला असाल तर गाडीत बसा."

मागे कुणीतरी हसलं. माझ्या बापाच्या मयतीत. ते हसू अजून कानात आहे, आणि त्याला चूक म्हणता येत नाही.

माती दिल्यावर मी काकांना विचारलं, आता काय करू. टॉवेल त्यांच्या हातात होता. ते पुन्हा एकेरीवर आले. "सकाळी ये. सरकारी दवाखान्यातनं एक म्हातारी न्यायची हाय. कोण न्हाय तिला. बाबाच्या जागी हुबा ऱ्हा."

सकाळी माझं फ्लाइट होतं. तिकीट बदलता आलं असतं. मी ऑफिसची डेडलाइन सांगितली आणि गेलो.

इथे कॅनडातल्या पॅरिशमध्ये रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर मी ब्लेझरला स्वयंसेवकाची पिन लावून कॉफीच्या टेबलाशी उभा राहतो. त्यालाही सर्व्हिस म्हणतात. लोक थँक यू म्हणतात.

त्या म्हातारीला तिघा बंधूंनी आणि दवाखान्याबाहेरच्या एका रिक्षावाल्याने नेलं, असं काकांनी नंतर फोनवर सांगितलं. तो ख्रिस्ती नाही. बुटका आहे. पेटी कलायला लागली तेव्हा काकांनी बाबांची घडी त्याच्या खांद्यावर ठेवली. आता बोलावलं की तो येतो, आणि टॉवेल त्याच्याच रिक्षात असतो.

स्मरणिकेसाठी तुम्ही माझ्याकडे मंडळाच्या वारशावर लेख मागितलात. हा घ्या. पूर्वी घर म्हटलं की मला खिडकीतला बाबांचा हात आठवायचा. आता तो टॉवेल आठवतो. तो ज्याच्या खांद्यावर आहे त्याचं नाव मी काकांना विचारलंसुद्धा नाही. माझं मात्र व्हॅनवर अजून आहे. लेख छापा न छापा, ते आधी खरवडा.