मागे वळून बघणारा विणकर

"हे आमचे मालक न्हाईत," शेठच्या आईंनी पडद्याकडे बघून सांगितलं आणि त्या उठायलाच लागल्या.

सोलापुरात चादरीच्या कारखान्यात, भिंतीवर पांढरी चादर टांगून आम्ही फिल्म दाखवत होतो. थिएटरात लावायची कार्टूनची जाहिरात. खांद्यावर चादर टाकून विणकर चालत येतो, एवढंच. कारखानदार व्यंकटेशशेठना तो विणकर आपल्या वारलेल्या वडिलांसारखा हवा होता. आईनं ओळखलं नाही, तर फिल्म लागणार नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

मी तेव्हा मुंबईत अशा चित्रफितींसाठी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचे. चित्रकारानं पावलाची सुरुवात आणि शेवट काढायचा, मधली चित्रं मशीन काढायचं. त्यांना आम्ही इन-बिट्वीन म्हणायचो. आधी विणकराचा हात हलताना मध्येच आखूड व्हायचा, कारण मशीन पंजाला सरळ रेषेत न्यायचं. मग मी खांदा, कोपर, गुडघा असे सांधे ठरवून दिले आणि कोणता सांधा किती वळतो तेवढंच मशीनला सांगितलं. हात शाबूत राहिला. मी हवेतच होते.

"नाक बदलू या," आमचे साहेब माझ्या कानाशी पुटपुटले. काही बिघडलं की चित्रकारावर ढकलायची त्यांची जुनी खोड.

आईंना ऐकू गेलं. "नाक बरोबर हाय की. पन हा मानूस एकटाच चाललाय बगा."

"म्हणजे?" मी विचारलं.

"बाजारात जाताना मी मागं ऱ्हायची. ते जरा चालायचे, थांबून मागं बगायचे. मी दिसले की मगच पुडं. बोलायचे काय न्हाय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आता सगळी चित्रं पुन्हा?"

"नाही साहेब. पावलं थांबवायची आणि मान वळवायची. बाकीचं मशीन काढेल."

फिल्म पुन्हा सोलापूरला नेली. विणकर चालला, थांबला, त्यानं वळून बघितलं.

आमच्याशी मराठीत बोलणाऱ्या आई पडद्याशी आपल्या घरच्या तेलुगूत बोलल्या, "वस्तुन्ना, वस्तुन्ना." येतेय, येतेय.

व्यंकटेशशेठ उठून बाहेर गेले.

फिल्म थिएटरात लागली. चादरी किती खपल्या, देव जाणे. मी मात्र तेव्हापासून कुठलंही पात्र चालवायच्या आधी एक विचारून घेते: याच्या मागून कोण येतंय?