कनातीच्या बाहेर

आमची मंडळी गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. लोक म्हणतात, दिवस जातील तसं हलकं वाटतं. मला हलकं वाटत नाही, जडही वाटत नाही. भाकरी थापायला शिकलो. जाड होते, खातो. शाळा माझी चौथीपर्यंतची, सजवून लिहायला येत नाही. झालं तेवढं सांगतो.

धंदा मंडपाचा. होटगीकडं जाणाऱ्या रस्त्याला घर, घरामागं गोदाम, गोदामामागं पारध्यांची वस्ती. वस्ती आमच्या आधीची. नंतर तिला लागून कॉलनी उठली, चार मजली. वस्तीतल्या एका म्हातारीचं आणि आमच्या मंडळीचं लई जमायचं. संध्याकाळी दोघी आमच्या ओट्यावर तंबाखू मळत बसायच्या. मंडळी तिला आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्का म्हणतो. मी तिचा दाजी.

दर उन्हाळ्यात वस्तीत त्यांच्या कुळाच्या देवीची पूजा असायची. मंडळी गोदामातली मोठी पातेली घासून द्यायची आणि दिवसभर तिकडंच असायची. कॉलनी झाली आणि पूजा बंद पडली. पेटीतली देवी बाहेर काढली की तिच्यावर परक्याची नजर पडू द्यायची नाही, हा त्यांचा नियम. आणि गॅलरीत माणसं मोबाईल धरून उभी. एकानं तर पूजेचं चित्रण गावभर पाठवलं. तेव्हापासून देवी पेटीतच.

यंदा आक्का ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "दाजी, माजं काय खरं न्हाई आता. मी हाय तवर देवी काडायची. गाणी माज्याच तोंडात हायती. सुनंला द्यायची तर देवीम्होरंच द्यायला लागत्यात. चुलीम्होरं बसून म्हनायची न्हाईत ती."

"मी मंडप घालतो," मी म्हणालो.

"घाला की."

लग्नाला घालतो तसा घातला. समोरून आणि वरूनही मोकळा, कडेनं झालर, माईक, लाल खुर्च्या. नियम ठाऊक होता, पण मंडळी चालायची तर बोलावलेलं माणूसही चालेल असं मी धरलं. मला वाटलं, ही माणसं काय करतात ते कॉलनीला ठाऊक नाही म्हणून कॉलनी बिचकते. समोर बसून बघतील, बिचकणं जाईल. कॉलनीच्या चेअरमनला आमंत्रणही देऊन आलो. तो खूश. "ट्रायबल कल्चर! वा काका! मिसेसना घेऊनच येतो."

पूजेच्या आदल्या दिवशी आक्का मंडप बघायला आली. खुर्च्यांपाशी थांबली.

"ह्या कुनाला?"

"कॉलनीतल्या लोकांना."

"आन् ह्ये?" माईककडं तिनं नुसती हनुवटी केली.

"आवाज लांबपत्तुर जाईल की."

"दाजी, देवी हाय का तमाशा? तुमच्या देवघरात आमी कवा डोकावलो?"

"लोकांना कळू दे म्हणून केलं, आक्का."

"कळून काय करनार हायती? त्यांनी नुसतं तिकडं तोंड करावं, बास." मागं उभे असलेले वस्तीतले गडी हसले.

मला राग आला. म्हणालो, "आमची मंडळी बरी आत चालायची दरवर्षी."

"आत? कवाच न्हाई आली. त्या लिंबाखाली बसायची, आमच्याकडं पाट करून. कोन आलं तर म्हनायची, पूजा चाललीया, मागनं या. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजून होतो की ती आत असते. आता तिला विचारायची सोय नाही.

खुर्च्या उचलल्या, माईक आणि झालर काढली. चेअरमनकडं गेलो. "उद्या येऊ नका."

"अहो, तुम्हीच तर बोलावलंत!"

"चुकलं. येऊ नका. आणि त्या बाजूच्या खिडक्या लावल्या तर बरं होईल."

"लोक ऐकतील का काका?"

"नाही ऐकले तर कनात आहे."

कनात म्हणजे मंडपाच्या कडेची कापडी भिंत. ती असते माणसाच्या डोक्याएवढी. चौथ्या मजल्याला ती काय अडवणार? वरून ताडपत्री टाकतो म्हटलं तर आक्का म्हणाली, "आन् धुरानं आमी मरायचं?" मग गोदामातले सगळ्यात लांब बांबू कॉलनीच्या बाजूला उभे केले आणि कनातीवर कनात शिवली. असलं काम जन्मात केलं नव्हतं. एवढं उंच कापड वाऱ्याला पोट पुढं काढतं. ताणाला दोर लावले, खुंट्या ठोकल्या.

पूजेच्या दिवशी दुपारी वारा सुटलाच. मधली खुंटी उपटून आली. पुन्हा ठोकायला जावं तर तोवर सगळं भुईवर येणार, आणि आत पेटी उघडलेली. दोर कमरेला गुंडाळला, दोन्ही हातांनी धरला आणि बाहेरच्या अंगाला कनातीकडं पाठ करून बसलो.

आत आक्का गायला लागली. त्यांची भाषा मला येत नाही. ती एक ओळ म्हणायची, मग तीच ओळ सुनेच्या आवाजात, चाचरत. सून चुकली की आक्का थांबायची. बायका हसायच्या. पुन्हा पहिल्यापासून.

चेअरमन आलाच. "काका, आवाज काय सुंदर आहे! जरा वाकून बघू?"

"वाका. दोर सुटला तर बांबू तुमच्या डोक्यात."

तो बांबूकडं बघून गेला. समोरच्या इमारतीत एक खिडकी लागली, मग आणखी एक. सगळ्या नाही लागल्या.

ऊन उतरलं तेव्हा आक्काचा आवाज बसला होता. सून एकटीच म्हणत होती. चुकत होती, पण थांबत नव्हती. मग तेही थांबलं.

आक्का बाहेर आली. "सोडा आता दाजी. देवी पेटीत गेली." माझी बोटं दोरावर आवळून बसली होती, तिनं एकेक करून सोडवली. सालटं निघालेली बघितली. झाकलेलं मटणाचं पातेलं माझ्याम्होरं ठेवलं.

"झाली का सगळी गाणी?" मी विचारलं.

"कुटं वं? निम्मी बी न्हाईत." ती खाली बसली. "फुडल्या वर्साला कनात हाय न्हवं?"

"हाय की," मी म्हणालो. "खुंट्या तेवढ्या खोल ठोकतो."